दारावरची थाप हातावर: ऐकू न येणाऱ्या माणसासाठी कंपनपट्टी घरी कशी बनवायची

आत्या काटवटीत भाकरी थापत होती आणि हातावरची पट्टी तिला सांगत होती, दारात कुणीतरी आलंय. पिठाचे हात तसेच घेऊन ती उठली, कडी काढली. अंगणात कुणी नव्हतं. दुसऱ्या भाकरीला पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिनं पट्टी काढून कोनाड्यात ठेवली आणि मला म्हणाली, "तुझ्या पट्टीला भाकर आन् दार येकच वाटायलंय रे."

तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पट्टीवरच माइक होता. माइकपासून वीतभर अंतरावर भाकरी थापली जात होती आणि दार तिथून पंधरा-वीस फुटांवर. जवळच्या थापेपुढे दूरची थाप ओळखू येणं अवघडच.

आत्या परभणी जिल्ह्यात सेलूजवळच्या गावात राहते. पन्नाशीनंतर तिचं ऐकणं कमी होत गेलं. आता श्रवणयंत्र लावूनही माणूस समोर बसला तरच बोलणं कळतं. दिवसाचा बराच वेळ एकटीच असते. दारावरची थाप, कुकरची शिट्टी आणि आतल्या खोलीतून सुनेची हाक, हे तीन आवाज तिला हवे होते. चौथा तिनं नंतर मागितला, तो शेवटी सांगतो.

त्या भाकरीच्या सकाळनंतर मी सगळी रचना बदलली. आवाज जिथं होतो तिथं कान बसवायचा आणि अंगावर फक्त स्पर्श ठेवायचा. पुढची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीवर उभी आहे. सोल्डरिंग येत असेल आणि आर्डुइनोवर एखादा दिवा लुकलुकवला असेल, तर तीन-चार रविवारांत हे काम होतं. सगळं सामान दोन-तीन हजारांत बसतं.

आधी फुगा

एकही सुटा भाग विकत घेण्याआधी एक मोठा फुगा फुगवा. ज्यांच्यासाठी पट्टी करायची त्यांच्या दोन्ही तळहातांत तो हलकेच धरायला द्या आणि जवळ मोठ्या स्पीकरवर गाणं लावा. ताणलेलं रबर आवाजाबरोबर थरथरतं. जड ठोके स्पष्ट लागतात, पण बासरी किंवा शिट्टी जवळजवळ लागतच नाही. हे स्वतःच्या हातांनी अनुभवलं की पुढचं अर्धं गणित समजतं.

त्याचं कारण आपल्या कातडीत आहे. कंपन ओळखणारे सर्वांत तल्लख ग्राहक त्वचेत खोलवर असतात. फिलिप्पो पाचिनी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून त्यांना पॅसिनियन कॉर्पसल म्हणतात. सेकंदाला साधारण २५० कंपनांना, म्हणजे २५० हर्ट्झच्या आसपास, ते सर्वांत जास्त जागे असतात. १००० हर्ट्झच्या पुढे त्वचेला फारसं काही कळत नाही. कान मात्र २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. कुकरच्या शिट्टीचा बराचसा जोर २००० हर्ट्झच्या वर असतो. ती शिट्टी जशीच्या तशी मोटरला दिली तरी हाताला लागणार नाही. आधी ओळखावी लागते आणि मग त्वचेला कळेल अशा खुणेत सांगावी लागते.

जागेचंही तसंच. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटर अंतरावरचे दोन ठिपके वेगळे कळतात, पण कोपर ते मनगट या भागात त्यासाठी तीन-चार सेंटिमीटर अंतर लागतं. म्हणून पट्टीवर आठ मोटरी ठेवून आठ अर्थ काढायचा मोह टाळा. दोन मोटरी पुरतात, एक हाताच्या वरच्या बाजूला आणि दुसरी बरोबर खाली. जोराचं म्हणाल तर 'हलकं' आणि 'जोरात' एवढाच फरक भरवशानं कळतो. शिवाय त्वचा सवय करून घेते. सलग चालणारं कंपन थोड्या वेळानं जाणवेनासं होतं, जसं अंगावरच्या कपड्याचं भान राहत नाही.

उरतो ताल. तालात त्वचा पक्की आहे. लांब, आखूड, मध्ये थांबा, पुन्हा आखूड, हे ती नेमकं पकडते. खुणा तालावरच बांधा.

फोनवर भागतंय का ते बघा

अँड्रॉइड फोनमध्ये गूगलचं 'साउंड नोटिफिकेशन्स' सोय असलेलं 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' नावाचं अ‍ॅप चालतं. दारावरची थाप, बाळाचं रडणं, धुराचा अलार्म, कुत्र्याचं भुंकणं असे आवाज ओळखून ते फोन थरथरवतं. ओळखण्याचं काम फोनमध्येच होतं, त्यामुळे गावात रेंज गेली तरी चालतं. आयफोनमध्ये हीच सोय २०२० पासून सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत आहे.

ज्यांचा फोन सदा खिशात असतो, त्यांनी आठवडाभर हे वापरून पाहावं. भागलं तर पुढचं काही करायची गरज नाही. आत्याचं भागलं नाही, कारण तिचा फोन फडताळात असतो. लाकडी फडताळात थरथरणारा फोन तिच्या काय कामाचा?

सामान

तीन ईएसपी-३२ बोर्ड घ्या (वाय-फाय असलेले, प्रोग्रॅम भरता येणारे छोटे बोर्ड), तीस पिनांचे साधे डेव्हकिट. एक पट्टीसाठी, एक स्वयंपाकघरासाठी, एक दारासाठी. सुनेच्या खोलीत हाकेचं बटण हवं असेल तर चौथा. हे बोर्ड ईएसपी-नाउ नावाच्या पद्धतीनं एकमेकांशी थेट बोलतात. मध्ये राउटर लागत नाही की इंटरनेट.

याशिवाय नाण्याच्या आकाराच्या दोन कंपन मोटरी, १० मिलिमीटर व्यासाच्या, ३ व्होल्टच्या. तालुक्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात 'व्हायब्रेटर' म्हणून मागा. जुन्या हँडसेटमधून काढलेलाही चालतो. दोन २एन२२२२ ट्रान्झिस्टर, दोन १एन४१४८ डायोड, ४७० ओहमचे दोन, १० किलोओहमचे तीन आणि १ मेगाओहमचा एक रेझिस्टर, ३.३ व्होल्टचा एक झेनर डायोड. आवाजासाठी आयएनएमपी-४४१ माइक, दारासाठी २७ मिलिमीटरची पितळी पायझो चकती, हाताच्या हालचालीसाठी एमपीयू-६०५०. बॅटरीसाठी १००० एमएएचचा लिथियम पॉलिमर सेल, टीपी-४०५६ चार्जिंग मॉड्यूल (संरक्षण सर्किट असलेलं, म्हणजे 'आउट' अशा दोन वेगळ्या टोकांचं) आणि ५ व्होल्टचं बूस्ट मॉड्यूल.

बूस्ट मॉड्यूल वगळू नका. सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो आणि उतरत जातो. डेव्हकिटवरच्या रेग्युलेटरला ३.३ व्होल्ट काढायला त्याहून साधारण एक व्होल्ट जास्त हवा असतो. सेल थेट जोडला तर बोर्ड चालल्यासारखा वाटतो आणि ऐन वेळी बंद पडतो.

पहिली थरथर

मोटर कधीही थेट ईएसपी-३२ च्या पिनेला जोडू नका. नाणं-मोटर फिरताना ८० मिलिअँपिअरच्या आसपास करंट ओढते आणि सुरू होताना त्याहून जास्त. पिनेची ताकद तेवढी नसते.

जोडणी अशी. मोटरची एक तार बॅटरीच्या धनाकडे, म्हणजे टीपी-४०५६ च्या 'आउट' धन टोकाला. दुसरी तार ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. एमिटर ग्राउंडला. १८ नंबरच्या पिनेपासून ४७० ओहममधून बेसला. बेस आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहम, नाहीतर बोर्ड सुरू होताना मोटर उगाच दचकते. डायोड मोटरच्या दोन टोकांवर उलटा, पट्टा असलेली बाजू धनाकडे. मोटर बंद होताना ती जो उलटा झटका देते तो हा डायोड गिळतो. दुसरी मोटर हुबेहूब याच पद्धतीनं १९ नंबरच्या पिनेवर. सगळ्यांचं ग्राउंड एक असलंच पाहिजे.

मोटर ३ व्होल्टची आणि सेल ४.२ चा, म्हणून पीडब्ल्यूएम (वीज झटपट चालू-बंद करून मोटरचा जोर ठरवणारा आकडा) पूर्ण द्यायचा नाही. २५५ पैकी १८० च्या वर जाऊ नका. 'हलकं' हवं असेल तर ११० च्या आसपास. त्याखाली काही मोटरी फिरायलाच नकार देतात. आपल्या मोटरचा आकडा आपणच शोधायचा.

मोटर सुरू होताच बोर्ड रीसेट होत असेल तर ते व्होल्टेज बसल्याचं लक्षण आहे. बूस्टच्या आउटपुटवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि मोटरची तार बूस्टनंतर नाही तर बॅटरीकडूनच आली आहे ना ते तपासा. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली होती, प्रोग्रॅममध्ये चूक शोधत. चूक एका तारेत होती.

नाणं-मोटरची एक मर्यादा लक्षात ठेवा. तिच्यात एका बाजूला जड असलेलं वजन फिरतं. ते वेगात यायला काही डझन मिलिसेकंद लागतात, थांबायलाही लागतात. १०० मिलिसेकंदांपेक्षा लहान ठोका हाताला कळायच्या आत संपतो. माझा सर्वांत लहान ठोका १५० मिलिसेकंदांचा आहे आणि दोन ठोक्यांमधला थांबाही किमान तेवढाच. याहून नेमका ठोका हवा असेल तर एलआरए प्रकारची मोटर घ्या. तिच्यात वजन फिरत नाही, स्प्रिंगवर वर-खाली होतं, त्यामुळे ती झटकन सुरू होऊन झटकन थांबते. पण ती एकाच ठरावीक कंपनसंख्येवर नीट चालते आणि तिला डीआरव्ही-२६०५एल सारखी वेगळी चालक चिप लागते. त्या चिपमध्ये शंभराहून जास्त तयार स्पर्श-नमुने भरलेले असतात. पहिल्या पट्टीसाठी मी नाणं-मोटरच सुचवेन. ती कुठंही मिळते आणि बिघडली तर बदलता येते.

खुणा ठरवायच्या कुणी

इथं घाई करू नका. आम्ही प्रोग्रॅम करणारे लोक खुणा आपल्या सोयीनं ठरवतो: एक ठोका म्हणजे दार, दोन म्हणजे कुकर. ते पाठ करावं लागतं आणि कामाच्या गडबडीत विसरतं.

मी आत्यालाच विचारलं, "दार वाजतं ते हातावर कसं वाजवून दाखवशील?" तिनं माझ्या मनगटावर दोन बोटांनी ठक-ठक, ठक-ठक केलं. कुकर? तळहात ठेवून हळूच दाबत नेला, लांबलचक. सुनेची हाक? "आत्याऽबाई" असं ती मनातल्या मनात म्हणाली असावी, कारण एक लांब आणि मागे दोन आखूड असा ताल निघाला. ऐकू येत होतं तेव्हाचे आवाज तिच्या आठवणीत शाबूत आहेत. तेच मी मिलिसेकंदांत उतरवले. दार: १५० चालू, १५० बंद, १५० चालू, मग ४०० थांबा आणि पुन्हा तेच. कुकर: एकच सलग १२००, दोन्ही मोटरी. हाक: ६०० चालू, मग १५० चे दोन, फक्त वरची मोटर.

जन्मापासून ऐकू न येणाऱ्या माणसाकडे आवाजाची आठवण नसते. तिथं वस्तूची हालचाल विचारा: दार ढकलताना हात कसा जातो, झाकण उचलताना कसा. खूण त्यांच्या अनुभवातून यावी एवढंच.

मग परीक्षा घ्या. माणसाला पाठमोरं बसवा, तिन्ही खुणा उलटसुलट क्रमानं दहा-दहा वेळा द्या, उत्तरं वहीत लिहा. दहापैकी आठ बरोबर आली नाहीत तर माणसाला दोष देऊ नका, खूण बदला. हीच परीक्षा दुसऱ्या दिवशी भांडी घासताना पुन्हा घ्या. हात कामात असतो तेव्हा हलकी खूण हमखास निसटते.

कुकरचा कान

माइक आणि दुसरा बोर्ड स्वयंपाकघरातल्या फळीवर जातो, शेगडीपासून चार-पाच फुटांवर, वाफ आणि फोडणीचे शिंतोडे लागणार नाहीत अशा जागी. आयएनएमपी-४४१ ला ३.३ व्होल्टच द्या. माइकवरची एससीके पिन बोर्डाच्या ३२ ला, डब्ल्यूएस २५ ला, एसडी ३३ ला आणि एल-आर ही पिन ग्राउंडला.

प्रोग्रॅम लिहिण्याआधी फोनवर फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप घ्या. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात ते तयार झालंय. त्यातला 'ऑडिओ स्पेक्ट्रम' उघडा आणि आपल्या कुकरची शिट्टी होताना आलेखाचा उंच भाग कुठं येतो ते लिहून घ्या. प्रत्येक कुकरचा वेगळा येतो. त्याच वहीत मिक्सर, एक्झॉस्ट पंखा, फोडणी आणि ताट पडल्याचा आवाजही नोंदवा.

प्रोग्रॅमचं काम असं. सेकंदाला १६,००० नमुने घ्यायचे, ५१२ नमुन्यांचा एक घास करायचा. म्हणजे एक घास ३२ मिलिसेकंदांचा. प्रत्येक घासाचं दोन पद्धतींनी मोजमाप: एकूण आवाज किती, आणि एफएफटी (आवाजातल्या कंपनसंख्या सुट्या करणारं गणित) लावून त्यातला २००० ते ७००० हर्ट्झमधला वाटा किती. खोलीचा शांत आवाज किती याचा हिशेब सतत चालू ठेवायचा. जुन्या सरासरीचे ९९८ भाग आणि नव्या घासाचे २ भाग मिसळत गेलं की पंखा, कूलर यांसारखे एकसुरी आवाज आपोआप त्या सरासरीत विरून जातात. शिट्टी चालू असल्याचा संशय येताच ही सरासरी गोठवायची, नाहीतर शिट्टीही तिच्यात विरते.

आवाज शांत पातळीच्या चौपट झाला, वरच्या पट्ट्यातला (२००० ते ७००० हर्ट्झ) वाटा निम्म्याहून जास्त आहे, आणि शेवटच्या ४० घासांपैकी ३० घासांत हे दोन्ही खरं ठरलं, की शिट्टी. ताट पडतं तेव्हा आवाज मोठा असतो, पण इतका वेळ टिकत नाही. फोडणीत वरचा पट्टा भरपूर असतो, पण ती शिट्टीइतकी मोठी नसते आणि लगेच ओसरते. 'चौपट' हा आकडा माझ्या घरातला आहे. तुमच्या वहीतल्या नोंदींवरून तो बदला.

शिट्टी संपून दोन सेकंद शांतता झाली की पुढची शिट्टी नवी धरायची. डाळीला तीन, भाताला दोन, हे मोजायचं काम यंत्रानं करू नये. दर शिट्टीला एक लांब कंपन द्या. मोजणारं माणूस समर्थ आहे.

दाराचा कान

इथं माइक नकोच. पायझो चकती दाराच्या आतल्या बाजूला, कडीपासून हातभर दूर, इपॉक्सीनं पक्की चिकटवा. दारावर थाप पडली की लाकूड हलतं, लाकडाबरोबर चकती वाकते आणि वीज निर्माण होते. भाकरीची थाप दारापर्यंत लाकडातून पोचत नाही. दोन आठवडे ज्या गोष्टीसाठी मी प्रोग्रॅममध्ये झगडत होतो, ती या पितळी चकतीनं सोडवली.

चकतीच्या दोन टोकांमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि ३.३ व्होल्टचा झेनर डायोड लावा, कारण जोराच्या ठोक्याला ती बरेच व्होल्ट देते. तिथून १० किलोओहममधून ३४ नंबरच्या पिनेला. पीन निवडताना एक काळजी: रेडिओ चालू असताना ईएसपी-३२ चा दुसरा एडीसी (व्होल्टेज मोजणारा भाग) चालत नाही, म्हणून ३२ ते ३९ मधलीच घ्यावी.

एकटा धक्का म्हणजे वारा किंवा मांजर. दीड सेकंदात दोन किंवा जास्त ठोके, मधलं अंतर १२० ते ७०० मिलिसेकंद, ही माणसाची थाप. प्रत्येक ठोक्यानंतर ८० मिलिसेकंद डोळेझाक करा, कारण लाकूड थोडा वेळ थरथरत राहतं. आणि एकदा निरोप गेला की दहा सेकंद नवा निरोप नाही, नाहीतर आत्या स्वतः कडी काढते तेही पट्टी तिला कळवते.

घरात विजेची बेल असेल तर तिच्या २३० व्होल्टच्या तारांना हात लावू नका. बेलच्या डब्यावर बाहेरून हीच चकती चिकटवा.

निरोप म्हणजे एकच अंक: १ दार, २ कुकर, ३ हाक. पाठवणाऱ्या बोर्डात पट्टीच्या बोर्डाचा मॅक पत्ता (बोर्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक) लिहावा लागतो आणि सगळे बोर्ड एकाच वाय-फाय चॅनेलवर हवेत. निरोप पोचल्याची पावती आली नाही तर तीनदा पुन्हा पाठवा. आमचं जुनं घर माळवदाचं आहे, भिंती दोन हात जाड, मातीच्या. त्यातून रेडिओ लहरी दमून जातात. दाराचा बोर्ड भिंतीआड न ठेवता चौकटीच्या वर, आतल्या दाराच्या रेषेत बसवला तेव्हा निरोप चुकायचे थांबले.

हात बोलतो तेव्हा

पट्टीनं सांगितलं ते कळलं, हे पट्टीला कसं सांगायचं? न कळवल्यास ती वीस सेकंदांनी पुन्हा थरथरते, असं तीनदा. म्हणून एक हातवारा हवा.

एमपीयू-६०५० पट्टीवरच बसतो: एसडीए २१ ला, एससीएल २२ ला, वीज ३.३ व्होल्ट. सेकंदाला शंभर वाचनं पुरेत. मी आधी पट्टीवर दोन टिचक्या मारायची खूण ठेवली होती. पुन्हा भाकरी आडवी आली. थापताना हात तसाच आदळतो. धुणं आपटतानाही तेच.

मग दिवसभराच्या कामात कुठली हालचाल होत नाही ते बसून पाहिलं. 'काय माहीत' म्हणताना आपण पंजा जसा उलटा-सुलटा हलवतो, ती हालचाल स्वयंपाकात क्वचितच येते. एमपीयूच्या गायरोस्कोपमध्ये (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या भागात) ती हाताच्या लांबीच्या अक्षाभोवती दिसते. सेकंदाला १५० अंशांपेक्षा जास्त एका दिशेनं, अर्ध्या सेकंदाच्या आत तेवढंच उलट दिशेनं, आणि दीड सेकंदात असं दोनदा. हे झालं की पट्टी गप्प होते आणि १५० मिलिसेकंदांचा एक हलका ठोका देते: कळलं.

तो परतीचा ठोका विसरू नका. हातवारा हवेत होतो. बटणासारखं काही दाबल्याचं बोटाला कळत नाही, म्हणून माणूस तोच हातवारा मोठा करून पुन्हा पुन्हा करतो. उत्तर लगेच मिळालं तर आठवड्यात हालचाल लहान आणि सहज होते. उशिरा मिळालं तर तो ठोका आपल्याच हालचालीचा आहे हे हाताला पटत नाही. हातवारा ओळखला गेला नाही तर मात्र काहीही वाजवू नका. चुकीचं कंपन देणं शांततेपेक्षा वाईट.

मोटर चालू असताना आणि पुढचे २०० मिलिसेकंद एमपीयूचं वाचन वगळा. मोटरची थरथर त्यालाही जाणवते.

दुसरा हातवारा सुनेसाठी. हात उभा वर करून दोन सेकंद धरला की सुनेच्या खोलीतला बोर्ड (त्यालाही तशीच एक मोटर जोडा) थरथरतो. उशीखाली ठेवला तर रात्रीही जाग येते. यासाठी हाताच्या लांबीच्या दिशेनं गुरुत्वाकर्षण ०.८ जीपेक्षा (१ जी म्हणजे पूर्ण गुरुत्वाकर्षण) जास्त आहे का एवढंच बघायचं.

भारतीय सांकेतिक भाषा वापरणाऱ्या व्यक्तीसाठी पट्टी करत असाल तर हातवारे तिच्याबरोबर बसून निवडा. तिचे हात दिवसभर बोलत असतात, आणि तुमची सोयीची खूण तिच्या भाषेतला एखादा रोजचा शब्द असू शकतो. अशा वेळी पट्टीच्या कडेला साधं बटण शिवणं मला जास्त योग्य वाटतं.

पट्टी शिवणं, आणि उन्हाळा

मनगटावर आत्याच्या काचेच्या बांगड्या. म्हणून पट्टी बांगड्यांच्या वर, कोपराच्या बाजूला चार बोटं. जुन्या लुगड्याचा काठ दुहेरी करून शिवला. सुती, धुता येणारा, आणि तिच्या ओळखीचा. मोटरींना कापडाच्या छोट्या खिशात बसवा, त्वचेच्या बाजूला एकच पदर. मोटर प्लॅस्टिकच्या डब्याला चिकटवली तर डबाच थरथरतो आणि हाताला बोथट कळतं. मोटरच्या तारा केसासारख्या असतात, मुळाशी ग्ल्यूगनचा थेंब दिल्याशिवाय त्या आठवडाभर टिकत नाहीत. पट्टी घट्ट हवी, पण वळ उठणार नाही इतकी.

रेडिओ सतत चालू राहिल्यानं १००० एमएएचच्या सेलवर सहा-सात तास निघतात. आत्या दुपारी आडवी होते तेव्हा पट्टी चार्जिंगला. टीपी-४०५६ कारखान्यातून १ अँपिअरवर येतो. त्याचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून २ किलोओहमचा लावा, म्हणजे चार्जिंग ५८० मिलिअँपिअरवर येतं आणि छोटा सेल तापत नाही. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा बेचाळिशीच्या पुढे जातो. पत्र्याखाली किंवा खिडकीच्या उन्हात चार्जिंगला लावू नका. मातीच्या भिंतीचा थंड कोनाडा उत्तम. सेल किंचितही फुगला तर त्याच दिवशी बदला. चार्जिंग चालू असताना पट्टी हातावर नको. छातीत पेसमेकर असेल तर मोटरमध्ये लोहचुंबक आहे हे डॉक्टरांना आधी सांगा.

आणि गॅसगळतीला आवाज नसतो. या पट्टीच्या भरवशावर गॅस किंवा आगीची काळजी सोडू नका. त्यासाठी बाजारातला गॅस डिटेक्टर वेगळा बसवा, आणि हवं तर त्याच्या भोंग्यावर एक पायझो चकती लावा.

हलगी थेट हातावर

वर म्हटलं की आवाज आधी ओळखायचा आणि मग खूण द्यायची. तालवाद्याला हा नियम लागू नाही. हलगीत किंवा संबळात ओळखायचं काही नसतं, ठोका हाच अर्थ.

संबळाचे दोन भाग असतात, एकाचा आवाज खोल आणि दुसऱ्याचा चढा. दोन मोटरींना ते जणू मोजूनच दिलेत. २०० हर्ट्झखालचा आवाज खालच्या मोटरला, ५०० हर्ट्झच्या वरचा वरच्या मोटरला. प्रत्येक पट्ट्याचा जोर मोजून त्याप्रमाणे पीडब्ल्यूएम वाढवायचा. वर चढणं तात्काळ, खाली उतरणं १०० मिलिसेकंदांत. माइक हातावर न ठेवता वाद्यासमोर, दुसऱ्या बोर्डावर. नाणं-मोटर जलद कडकडाटात मागे पडते, म्हणून इथं एलआरएचा खर्च करावा. तुळजापूरच्या वाटेवर गोंधळ चालू असताना गर्दीच्या कडेला उभं राहून नुसत्या हालचाली बघणाऱ्या मुलाच्या हातावर ही पट्टी बांधावी असं मला फार वाटतं.

वही

पट्टी दिल्यावर तीन दिवस घरात वही ठेवा: वेळ, खरं काय झालं, पट्टी काय म्हणाली. चुकलेली थाप आणि खोटी थाप वेगळ्या रकान्यात. खोट्या जास्त असतील तर आधी त्या कमी करा, भले एखादी खरी निसटली तरी. एका दिवसात तीनदा फसलेलं माणूस चौथ्यांदा उठत नाही, आणि पट्टी कोनाड्यात जाते.

आत्याच्या वहीत तिसऱ्या दिवशी तिनंच एक ओळ लिहून ठेवली होती: "पाऊस आला. कळलं न्हाई. कुरडया भिजल्या." माळवदावर वाळवण घातलेलं, आणि ती आत. मग चौथा कान केला. उपड्या पत्र्याच्या डब्याच्या आतून पायझो चकती चिकटवली, डबा वर कठड्याला बांधला, तार खाली घरात घेतली. सर्किट दाराचंच, फक्त अट वेगळी: दहा सेकंदांत पंधराहून जास्त बारीक ठोके, अनियमित अंतरानं. एखादा कावळा बसला तर चार-पाचच होतात. पावसाची खूण कशी हवी म्हणून विचारलं, तर तिनं पाचही बोटं माझ्या हातावर एकेक करून टेकवली, हलकी, सुटी सुटी.